अप्रूप

दुर्मिळतेमुळे किंवा मिळण्यावर मर्यादा असल्यामुळे वस्तूविषयी वाटणारे वाढीव मोल. अर्थशास्त्रात ‘दुर्मिळता मूल्य’ म्हणतात ते बाजारातले, अप्रूप मनातले. ‘अपूर्व’ या संस्कृत शब्दावरून हा शब्द आला असावा. ‘अपरूप’ (अप + रूप) अशीही व्युत्पत्ती सुचवली जाते. परंतु संस्कृतात ‘अपरूप’ म्हणजे कुरूप, त्यामुळे पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. बंगालीत ‘अपरूप’ विलक्षण सुंदर या अर्थाने रूढ आहे, तेही बहुधा ‘अपूर्व’चेच रूप. मूळ अर्थ ‘पूर्वी न झालेले’, म्हणजे नावीन्याचा. दुर्मिळतेची छटा मागाहून आली असावी.

मोल उपयोगावर ठरते की दुर्मिळतेवर, हा वाद जुना आहे. पाण्यावाचून जगता येत नाही तरी ते स्वस्त, हिऱ्यावाचून अडत नाही तरी तो महाग : ही तुलना अ‍ॅडम स्मिथमुळे (१७७६) गाजली, तरी जॉन लॉने ती १७०५ मध्येच केली होती. जेव्हन्स आणि मेंगर (दोघेही १८७१) व वालरा (१८७४) या अर्थशास्त्रज्ञांनी सीमांत उपयोगितेच्या (आणखी एका नगाने होणाऱ्या वाढीव उपयोगाच्या) कल्पनेने हे कोडे सोडवले : मोल ठरते ते शेवटच्या नगावर. सोलापुरात हे समजावायला हिरा लागत नाही. उजनी धरणाचे पाणी शहराला वर्षानुवर्षे काही दिवसांआड मिळत आले आहे. नळ आला की पहिली घागर पिण्याची, मग स्वयंपाक, धुणे. बॅरल भरल्यावर उरलेली बादली अंगणात सड्याला. भांडण होते ते पहिल्या घागरीवरून.

मानसशास्त्रात ब्रॉकने १९६८ मध्ये दुर्मिळतेने मोल वाढण्याच्या या परिणामाची उपपत्ती मांडली. वॉर्शेल व सहकाऱ्यांच्या प्रयोगात (१९७५) काहींना दहा बिस्किटांची बरणी दिली, काहींना दोनच बिस्किटांची. दोनांतले बिस्कीट अधिक हवेसे व महाग वाटले. डोळ्यांदेखत दहांची दोन झाली तेव्हा ओढ आणखी वाढली. चवीला मात्र जास्त गुण मिळाले नाहीत. ब्रेमच्या मते (१९६६) निवडीचे स्वातंत्र्य आक्रसले की मन प्रतिकार करते. घटत्या बरणीला हे स्पष्टीकरण अधिक लागू पडते.

हुरड्याची मर्यादा कणसातच असते. ज्वारीचा दाणा कोवळा असतो ते थोडेच दिवस. पुढे तो टणक होतो. आगटीतले गरम कणीस हातावर चोळून, दाणे पाखडून, शेंगाचटणीबरोबर खायला पुण्या-मुंबईचे पाहुणे थंडीत मुद्दाम येतात. तीच ज्वारी भाकरी होऊन वर्षभर ताटात असते, तिचे कौतुक नाही. सोलापुरी चादरीचेही तसेच : पिकते तिथे विकत नाही.

पाण्याबाबत एक विसंगती नोंदवावी लागते. आदल्या रात्री तांब्याने मोजून वापरलेले साठवणीचे पाणी नळ येताच ‘शिळे’ ठरते, आणि नवे भरण्याआधी मोरीत ओतले जाते.