पार्श्वभूमी : स्क्रू पाइल आणि पिळाचा हिशेब

इमारतीच्या पायासाठी स्क्रू पाइल (स्क्रूसारखं पातं असलेला, फिरवत जमिनीत उतरवायचा लोखंडी किंवा पोलादी खांब) सुचवला की आपल्याकडे बहुतेकांना ते नुकतंच आलेलं परदेशी तंत्र वाटतं. प्रत्यक्षात ते पावणेदोनशे वर्षांहून जुनं आहे. नवीन आहेत त्या दोनच गोष्टी : पाइल जमिनीत फिरवणारी हायड्रॉलिक मोटर, आणि फिरवताना लागलेला पीळ (टॉर्क) मोजून त्यावरून भारक्षमता ठरवण्याची पद्धत. या पद्धतीवर अजूनही वाद होतात, आणि पायासाठी स्क्रू पाइल निवडावा की नाही हेही बऱ्याचदा तिथेच ठरतं.

सुरुवातीचा इतिहास थोडक्यात असा. बेलफास्टमध्ये विटांचा धंदा करणाऱ्या एका अंध अभियंत्याने 1833 मध्ये स्क्रू पाइलचं पेटंट घेतलं. जहाजांचे नांगरबंध आणि वाळूच्या दांड्यावरचे दीपस्तंभ हे त्याचे पहिले उपयोग. थेम्सच्या मुखाशी मॅप्लिन सँड्सवर 1838 मध्ये पाइल फिरवले गेले, तर फ्लीटवूडजवळचा दीपस्तंभ 1840 मध्ये उजळला. सरकत्या वाळूत दगडी बांधकाम टिकत नव्हतं. लोखंडी पात्याचा खांब मात्र वाळूत घट्ट बसे आणि लाटा त्याच्या पायांमधून निघून जात. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरात थॉमस पॉइंटचा 1875 चा दीपस्तंभ आजही जागेवर उभा आहे.

मुंबईकरांच्या दृष्टीने यातला जवळचा टप्पा म्हणजे मुंबई–सुरत रेल्वे. अंकलेश्वरपासून सुरू झालेली ही लाइन 28 नोव्हेंबर 1864 ला ग्रँट रोडपर्यंत पोचली. वाटेत वसईची खाडी आणि तापी, तर अंकलेश्वरच्या उत्तरेला नर्मदा, म्हणजे सगळीकडे गाळ नाहीतर वाळू. या मार्गावरच्या मोठ्या पुलांसाठी ओतीव लोखंडाचे स्क्रू पाइल घेतले गेले. तेव्हा मोटर नव्हती. पाइलच्या डोक्याला लांब दांडे आडवे बांधून माणसं किंवा बैल गोल फिरवायचे. भडोचजवळ नर्मदेच्या पुरांनी पुलाचं वारंवार नुकसान केलं आणि अखेर 1881 मध्ये तिथे नवा पूल उभा राहिला. याचा दोष अनेकजण पाइलला देतात, ते मला अर्धवट वाटतं. पुराने तळ खरवडून नेला की पात्यावरची माती जाते आणि खांब उघडा पडतो. नदीपात्रातला हा धोका इमारतीच्या प्लॉटवर नसतो.

पुढे वाफेचे हातोडे आले, काँक्रीटचे पाइल आले आणि स्क्रू पाइल मागे पडला. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत विजेच्या खांबांचे ताण पकडायला छोटे स्क्रू अँकर वापरात आले आणि त्यातून पुन्हा पायाच्या पाइलकडे वाट निघाली. साधारण त्याच सुमारास, 1950 च्या दशकात, रुरकीला काळ्या मातीसाठी अंडर-रीम्ड पाइल विकसित झाला. खाली रुंद आधार द्यायचा, ही कल्पना दोन्हींत सारखीच. भारताने काँक्रीटचा फुगवटा घेतला, तिकडे पोलादी पातं राहिलं.

आता पिळाचा मुद्दा. लाइनमनच्या गाडीवरची मोटर अँकर फिरवताना जितका जोर लावते, तितकी माती घट्ट असणार, हा अनुभव आधी आला. सूत्र नंतर बसलं. अंतिम क्षमता म्हणजे पीळ गुणिले एक गुणांक. 38 मिलिमीटरच्या चौकोनी दांड्यासाठी हा गुणांक साधारण 33 प्रतिमीटर धरतात. शेवटी 6 किलोन्यूटन-मीटर पीळ लागला तर अंतिम क्षमता 198 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 20 टन, आणि निम्मी धरून सुरक्षित भार 10 टन. हाच पीळ 89 मिलिमीटरच्या गोल पाइपला लागला तर गुणांक 23 च्या आसपास येतो आणि सुरक्षित भार 7 टनांवर उतरतो, कारण जाड पाइपचं मातीशी घर्षणच बराच पीळ खातं. साइटवर हे कोणी सांगत नाही. मीटरवरचा आकडा मोठा दिसला की सगळे खूश.

आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं बरोबर आहे. पातं प्रत्येक फेऱ्याला जवळजवळ आपल्या आट्याइतकं, बहुधा 75 मिलिमीटर, खाली उतरलं पाहिजे. ते एकाच जागी फिरत राहिलं तर माती घुसळली जाते आणि मीटर खोटं बोलतो. एखादा मोठा दगड लागला तर पीळ एकदम चढतो, क्षमता नाही. मऊ चिकणमाती फिरवताना ढवळली जाते, काही दिवसांनी ती पुन्हा सावरते. म्हणजे त्या दिवशीचा पीळ खरी ताकद दाखवतच नाही. त्यात पीळ नक्की मोजला कशाने, हाही प्रश्न आहे. मोटरच्या तेलाच्या दाबावरून काढलेला आकडा आणि दांड्यावर बसवलेल्या मापकाचा आकडा, या दोघांवर सारखा विश्वास टाकता येत नाही.

अमेरिकेच्या नमुना बांधकाम संहितेने 2009 च्या आवृत्तीत यावर तोडगा दिला. मातीच्या गुणधर्मांवरून काढलेली क्षमता, पिळावरून काढलेली क्षमता, भारचाचणीतून मिळालेली क्षमता, शिवाय दांडा, जोड आणि पाती यांची स्वतःची ताकद. यात जो आकडा सगळ्यात लहान, तो धरायचा आणि त्याचा निम्मा वापरायचा. पीळ इथे पुरावा आहे, निकाल नाही. मला हा निर्णय पूर्ण पटतो. बोअर केलेल्या काँक्रीट पाइलमध्ये तळाशी गाळ राहिला का, हे ओतल्यानंतर कळायला वेगळी चाचणी लागते. इथे प्रत्येक पाइल उतरता उतरताच खालच्या मातीची खबर देतो. एका जागी पीळ कमी भरला तर आणखी एक तुकडा जोडून खोल जायचं, तेही त्याच तासात.

नावाचा गोंधळही सांगायला हवा. अमेरिकेत ‘हेलिकल पाइल’, कॅनडा-ऑस्ट्रेलियात ‘स्क्रू पाइल’, सोलर पॅनेलखाली ‘ग्राउंड स्क्रू’. युरोपात मात्र ‘स्क्रू पाइल’ म्हणजे माती बाजूला दाबत फिरवून खोदलेला आणि काँक्रीट ओतलेला पाइलही असू शकतो. कोटेशन मागवताना पोलादी पात्याचा की काँक्रीट ओतलेला, हे लिहून घ्यावं.

इमारतीला होणारे फायदे या इतिहासातूनच येतात. खोदाईची माती फारशी बाहेर पडत नाही, हादरे बसत नाहीत, क्युरिंगसाठी थांबावं लागत नाही, पाणी वर असलं तरी काम होतं आणि कमी उंचीच्या तळघरात छोटी मशिन नेता येते. खचलेल्या घराच्या जुन्या पायाला कंस (ब्रॅकेट) लावून उचलून धरता येतं. दख्खनच्या कठीण मुरमात किंवा बेसॉल्टवर याचा उपयोग नाही. खाडीकाठच्या जाड गाळात आहे, पण तिथे बारीक दांडा वाकू शकतो आणि खारं पाणी पोलाद खातं, म्हणून जाड पाइप आणि जस्ताचा थर हवा.

पाइलच्या पायासाठी असलेल्या आयएस 2911 या भारतीय मानकाचे चार भाग काँक्रीट पाइल, लाकडी पाइल, अंडर-रीम्ड पाइल आणि भारचाचणी यांचे आहेत. पोलादी स्क्रू पाइलला त्यात स्वतंत्र भाग नाही. त्यामुळे आपल्याकडचा आरसीसी कन्सल्टंट सही करायला कचरतो, आणि त्यात त्याची चूक नाही. भाग 4 मधली भारचाचणी मात्र या पाइलवरही करता येते. खाडीकाठच्या साइटवर पहिले दोन पाइल त्यासाठीच राखून ठेवावेत, आणि तिथे मिळालेला गुणांक उरलेल्या पाइलना लावावा.