बारा तालुके, आठ रंग: ‘आर’च्या चौथ्या आवृत्तीनंतर थांबलेल्या आलेखाची पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यातील बारा तालुक्यांच्या पावसाचा आलेख आमच्या संख्याशास्त्राच्या प्रयोगशाळेत अनेक वर्षे एकाच छोट्या प्रोग्रॅमने काढला जात होता. ज्या तालुक्याची नोंद, त्या तालुक्याचा रंग ठिपक्याला द्यायचा, एवढेच त्याचे काम होते. संगणकांवर ‘आर’ या संख्याशास्त्रीय प्रोग्रॅमिंग भाषेची 4.0 आवृत्ती बसवल्यावर मात्र ‘आजरा’ हे रंगाचे नाव नाही, असा संदेश देऊन तो थांबला. पहिला संशय माहितीच्या फाइलवर आला; पण तीच फाइल जुन्या आवृत्तीत व्यवस्थित चालत होती. दोन्ही आवृत्त्यांत वाचलेल्या तक्त्याची रचना शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा फरक दिसला. पूर्वी तालुक्याचा स्तंभ ‘फॅक्टर’ म्हणून येत होता, आता तो साध्या अक्षरांचा येत होता.

या फरकामागे मोठा इतिहास आहे. बेल लॅबोरेटरीजमध्ये 1976 साली जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एस’ ही भाषा सुरू केली. तिच्याच धर्तीवर ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी 1990च्या दशकात ‘आर’ घडवली, आणि तिची 1.0.0 आवृत्ती 29 फेब्रुवारी 2000 रोजी आली. संख्याशास्त्रज्ञाच्या तक्त्यातील शब्द म्हणजे बहुधा गट, मग ते खताचे प्रकार असोत की तालुके, असे गृहीत धरून ही भाषा शब्दांचा स्तंभ वाचतानाच त्याचे फॅक्टरमध्ये रूपांतर करीत असे. फॅक्टरमध्ये प्रत्येक नाव एकदाच साठवले जाते आणि ओळीओळीत केवळ त्याचा क्रमांक राहतो. आमचा प्रोग्रॅम नकळत या क्रमांकांनाच रंग समजत होता.

ही सोय निर्धोक नव्हती. नावांचा क्रम संगणकावर निवडलेल्या भाषेच्या सेटिंगनुसार लागत असल्याने एकाच फाइलमधून दोन संगणकांवर वेगळे क्रमांक निघू शकत. त्यामुळे 24 एप्रिल 2020 रोजी आलेल्या 4.0.0 आवृत्तीत हे आपोआप होणारे रूपांतर बंद झाले, आणि माझ्या मते ते योग्यच झाले.

स्तंभाला स्पष्टपणे फॅक्टर केल्यावर आलेख निघाला, पण रंग जुन्या प्रतीशी जुळेनात. त्याच आवृत्तीत क्रमांकांना रंग पुरवणारा ‘आर’चा मूळ रंगसंचही बदलून सौम्य केला होता, हे कळायला आणखी एक दिवस गेला. मात्र दोन्ही प्रती बारकाईने ताडून पाहताना जे आढळले, त्याने आम्ही खरोखर अस्वस्थ झालो. रंगसंचात, जुन्या काय किंवा नव्या काय, रंग आठच आहेत; नवव्या क्रमांकाला पुन्हा पहिला रंग मिळतो. फाइलमधील नावे रोमन लिपीत असल्याने वर्णक्रमात आजरा पहिला आणि पन्हाळा नववा होता, म्हणजे दोघांचेही ठिपके काळे. भुदरगड आणि राधानगरी, चंदगड आणि शाहूवाडी, गडहिंग्लज आणि शिरोळ यांचीही तीच गत होती. सह्याद्रीला लागून असलेल्या शाहूवाडीचा पाऊस दक्षिण टोकाच्या चंदगडचा समजून वाचला जाण्याची शक्यता नव्या आवृत्तीपूर्वीच्या प्रत्येक आलेखात होती.

आता प्रोग्रॅममध्ये गगनबावड्यापासून शिरोळपर्यंत बाराही तालुक्यांचा क्रम हाताने लिहिला आहे, प्रत्येकापुढे त्याचा स्वतंत्र रंग नोंदवला आहे, आणि जुन्या वर्षांचे आलेख त्यावरून पुन्हा काढले जात आहेत.