वेग, वेळ आणि अंतर (स्पर्धा परीक्षांतील शाब्दिक उदाहरणे)

आगगाडी, होडी, पादचारी, धावपटू किंवा चोराच्या मागे लागलेला पोलीस यांच्या गतीची थोडी माहिती देऊन वेग, वेळ आणि अंतर यांपैकी न दिलेली राशी काढायला सांगणारा अंकगणितातील प्रकार. महाराष्ट्रात तो ‘काळ, काम, वेग’ या जोडनावानेच जास्त ओळखला जातो. शालेय शिष्यवृत्ती परीक्षेत पहिल्यांदा भेटलेली ही उदाहरणे पुढे पोलीस भरती, रेल्वे, बँका, कर्मचारी निवड आयोग आणि राज्यसेवा पूर्वपरीक्षेतील सीसॅटपर्यंत (कल तपासणारी प्रश्नपत्रिका) उमेदवाराची पाठ सोडत नाहीत. पोलीस शिपाई भरतीच्या लेखी परीक्षेत ९० मिनिटांत १०० प्रश्न असतात, तर सीसॅटमध्ये दोन तासांत ८०. म्हणजे एका उदाहरणाच्या वाट्याला एक-दीड मिनिट येते, आणि त्यातला बराचसा वेळ वाचण्यातच जातो.

पाया एकाच सूत्राचा आहे : अंतर = वेग × वेळ. हे सूत्र येत नाही म्हणून उदाहरण अडले, असे फारसे होत नाही. अडते ते वाचनापाशी. उदाहरणात दोन प्रसंग असतात (जाताना आणि येताना, खांब आणि फलाट, उशीर आणि लवकर) आणि त्या दोन्हींत एक राशी तीच राहिलेली असते. ती कोणती, हे ओळखणे म्हणजेच उदाहरण सोडवणे. अंतर तेच असेल तर वेग आणि वेळ व्यस्त प्रमाणात असतात. वेळ तीच असेल तर अंतर वेगाच्या समप्रमाणात, आणि वेग तोच असेल तर अंतर वेळेच्या समप्रमाणात असते. शिकवण्यांमधून वाटल्या जाणाऱ्या बहुतेक ‘शॉर्टकट’ सूत्रांच्या मुळाशी या तीन विधानांपैकीच एखादे असते. सूत्रे वेगवेगळी पाठ केली की ती परीक्षेच्या दडपणात एकमेकांत मिसळतात. प्रमाण समजलेले असले की तसे होत नाही.

विषय जुना आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या ‘आर्यभटीया’च्या गणितपादात दोन गतिमान वस्तूंच्या भेटीचा नियम दिला आहे : वस्तू परस्परांविरुद्ध दिशेने जात असतील तर त्यांच्यातील अंतराला वेगांच्या बेरजेने भागावे, एकाच दिशेने जात असतील तर वजाबाकीने. आज सापेक्ष वेग म्हणून शिकवतात तो हाच. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) खांबावरचा मोर आणि बिळाकडे निघालेला साप यांचे उदाहरण आहे. खांब ९ हात उंच, साप खांबाच्या बुंध्यातील बिळापासून २७ हातांवर, दोघांची गती समान. साप बिळापासून किती अंतरावर पकडला जाईल? वेग समान आणि वेळही समान, म्हणून दोघांनी कापलेले अंतर समान. सापाचे अंतर आणि मोराची तिरकी झेप दोन्ही १५ हात, आणि बिळापासूनचे अंतर १२ हात. ९, १२, १५ हा काटकोन त्रिकोण डोळ्यांसमोर आला की उदाहरण सुटते. चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे, त्यामुळे या गणिताशी खानदेशाचे नाते आठ शतकांहून जुने आहे.

परीक्षेत गुण जातात ते प्रथम एककांमुळे. गाडीचा वेग ताशी किलोमीटरमध्ये, लांबी मीटरमध्ये आणि वेळ सेकंदांत, अशी सरमिसळ प्रश्नकर्ता मुद्दाम करतो. ताशी किलोमीटरला ५/१८ ने गुणले की सेकंदाला मीटर मिळतात, उलट जाताना १८/५ ने गुणायचे. १००० मीटरला ३६०० सेकंदांनी भागल्यावर ५/१८ उरतात. १८, ३६, ५४, ७२, ९०, १०८ हे वेग उदाहरणांत पुन्हा पुन्हा दिसतात, कारण त्यांचे ५, १०, १५, २०, २५, ३० मीटर प्रतिसेकंद असे पूर्ण आकडे होतात. हा पाढा तोंडी असावा.

आगगाडीच्या उदाहरणांत गाडीची लांबी विसरणे ही नेहमीची चूक. खांब किंवा उभा माणूस ओलांडताना गाडी स्वतःच्या लांबीएवढे अंतर कापते. फलाट, पूल किंवा बोगदा ओलांडताना त्यांची लांबीही मिळवावी लागते. एक गाडी खांब १२ सेकंदांत आणि २४० मीटरचा फलाट २८ सेकंदांत ओलांडते. तिचा वेग आणि लांबी किती? बरेच जण येथे दोन समीकरणे मांडतात. त्यांची गरज नाही. वेग दोन्ही वेळा तोच, गाडीची लांबीही दोन्हींत सामावलेली. फलाटासाठी जे १६ सेकंद जास्त लागले, ते निव्वळ फलाटाच्या २४० मीटरसाठी. म्हणून वेग सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर, आणि लांबी १२ × १५ = १८० मीटर.

हीच रीत ‘शाळेत उशिरा पोहोचणाऱ्या’ मुलाला लागू पडते. तो ताशी ४ किमी वेगाने चालला तर १० मिनिटे उशिरा आणि ताशी ५ किमीने चालला तर ५ मिनिटे आधी पोहोचतो. शाळा किती दूर? अंतर तेच. वेगांचे गुणोत्तर ४ : ५, म्हणून वेळांचे ५ : ४. एक भागाचा फरक म्हणजे १५ मिनिटे. (एक उशीर आणि एक लवकर असल्याने बेरीज करायची; दोन्ही उशीर असते तर वजाबाकी.) सावकाश चालताना पाच भाग, म्हणजे ७५ मिनिटे लागतात, आणि ताशी ४ किमीने सव्वा तासात ५ किलोमीटर होतात. नेहमीच्या ३/४ वेगाने गेल्यास २० मिनिटे उशीर होतो, तर नेहमीचा वेळ किती, याचे उत्तरही याच वाटेने तोंडी मिळते : एक तास.

सरासरी वेग हा सर्वांत फसवा भाग आहे. जाताना ताशी ६० आणि त्याच रस्त्याने येताना ताशी ४० किमी, तर सरासरी ५० नव्हे, ४८. पर्यायांत ५० हमखास असतो आणि तो घाईतल्या उमेदवारासाठीच ठेवलेला असतो. अंतर दिलेले नसेल तर वेगांचा लसावि अंतर मानावा : १२० किमी जायला दोन तास, यायला तीन, २४० भागिले ५ म्हणजे ४८. सावकाश प्रवासात जास्त वेळ जातो, म्हणून सरासरी कमी वेगाकडे झुकते. दोन्ही वेगांनी सारखाच *वेळ* प्रवास केला असता, तर मात्र ५० बरोबर ठरले असते. डेक्कन क्वीनने पुणे-मुंबई प्रवास केलेल्यांना याचा प्रत्यय असतो. १९२ किलोमीटरला सुमारे सव्वातीन तास, म्हणजे सरासरी ताशी साठच्या आसपास. सपाटीवर गाडी याहून कितीतरी वेगात धावते, पण बोरघाटाचा चढउतार आणि थांबे सरासरी खाली ओढतात.

सापेक्ष वेगात दिशा ठरली की काम झाले. चोर २०० मीटर पुढे, त्याचा वेग ताशी ८ आणि पोलिसाचा १० किमी : दर तासाला २ किमी अंतर मिटते, म्हणून २०० मीटर मिटायला ६ मिनिटे, तेवढ्यात चोर आणखी ८०० मीटर गेलेला असतो. दोन गाड्या समोरासमोरून येत असतील तर वेगांची बेरीज, आणि अंतर म्हणून दोघींच्या लांबींची बेरीज.

होडीच्या उदाहरणांत प्रवाहाच्या दिशेने वेग मिळवतात, विरुद्ध दिशेने वजा करतात. दोन्ही वेग दिले असतील तर त्यांच्या बेरजेचे निम्मे म्हणजे संथ पाण्यातील वेग आणि फरकाचे निम्मे म्हणजे प्रवाहाचा. याचे सुंदर रूप पुढील उदाहरणात दिसते. प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या नावाड्याची टोपी पाण्यात पडते. १५ मिनिटांनी त्याच्या लक्षात येते, तो लगेच वळतो आणि टोपी पडली त्या जागेपासून १ किमी खाली ती त्याला सापडते. प्रवाहाचा वेग किती? होडीचा वेग दिलेलाच नाही, म्हणून अनेक जण उदाहरण सोडून देतात. पण टोपी आणि होडी दोघींना पाणी सारखेच वाहून नेते. पाण्याच्या दृष्टीने टोपी जागच्या जागी आहे, होडी १५ मिनिटे दूर गेली आणि तेवढ्याच वेळात परत आली. अर्ध्या तासात टोपी १ किमी वाहिली, म्हणजे प्रवाह ताशी २ किमी.

वर्तुळाकार धावपट्टीवर एकाच दिशेने धावणारे दोघे पुन्हा भेटतात ते पुढच्याने मागच्यावर पूर्ण एक फेरी आघाडी घेतल्यावर. बुद्धिमत्ता चाचणीत घड्याळाचे काटे हे स्वतंत्र प्रकरण म्हणून शिकवतात, पण तेही याच शर्यतीचे आहे. मिनिटकाटा मिनिटाला ६ अंश जातो, तासकाटा अर्धा अंश. सापेक्ष वेग साडेपाच अंश. चार वाजता तासकाटा १२० अंश पुढे असतो. १२० ला साडेपाचने भागले की २१ पूर्णांक ९/११, म्हणून चार वाजून एवढ्या मिनिटांनी दोन्ही काटे एकमेकांवर येतात. आणि आघाडीची पूर्ण फेरी घ्यायला मिनिटकाट्याला दर वेळी ६५ पूर्णांक ५/११ मिनिटे लागत असल्यामुळे बारा तासांत अशा भेटी ११ च होतात.