लॅक्टोज न पचणं : पन्नास ग्रॅमच्या चाचणीची पार्श्वभूमी

‘तुम्हाला लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, चालत नाही’ असं दवाखान्यात सांगितलं की सोलापूरच्या घरांत बहुधा एकच निर्णय होतो : दूध बंद, दही बंद, ताकही बंद. ही साखर पचवणारं आतड्यातलं विकर (एन्झाइम), म्हणजे लॅक्टेज, कमी पडलं की पोट का गुडगुडतं, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. पण सगळंच एका दमात सोडण्याची सवय कुठून आली, हे पाहायचं तर साठ वर्षांपूर्वीच्या एका चाचणीकडे जावं लागतं.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. कच्छमधल्या कोटडा भडली इथं साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांत दुधाच्या स्निग्धांशाच्या खुणा सापडल्या आहेत, म्हणजे आपल्याकडे दुभतं जुनंच. बालपण सरल्यावर लॅक्टेज कमी होणं ही जगातल्या बहुसंख्य माणसांची नैसर्गिक घडण आहे. मोठेपणीही ते टिकवून ठेवणारा जनुकीय बदल 2002 साली फिनलंडमधल्या कुटुंबांत ओळखला गेला. तोच बदल भारतातही आढळतो, वायव्येकडे जास्त आणि दक्षिणेकडे, पूर्वेकडे कमी होत जाणारा. 1981 सालच्या एका अभ्यासात लॅक्टोज न सोसणाऱ्यांचं प्रमाण उत्तर भारतीयांत सुमारे 27 टक्के, तर दक्षिण भारतीयांत सुमारे 67 टक्के निघालं. सोलापूर नेमकं या उताराच्या मधोमध येतं. 1877 ची जुनी गिरणी, त्यानंतरच्या गिरण्या आणि हातमाग-यंत्रमागांमुळे इथं एकाच गल्लीत मराठी, कानडी आणि तेलुगू घरं नांदतात. या शहराला दोन्हींपैकी कुठलाच आकडा सरसकट लावता येत नाही.

आता ती चाचणी. 1960 च्या दशकात मोठ्या माणसांमधली लॅक्टेजची कमतरता डॉक्टरांच्या नीट ध्यानात आली. ती मोजण्यासाठी रुग्णाला अनशापोटी 50 ग्रॅम लॅक्टोज पाण्यात कालवून पाजायचं आणि पुढचे दोन तास थोड्या थोड्या वेळानं रक्त काढून साखर किती चढते ते बघायचं, फारशी चढली नाही तर लॅक्टोज पचलं नाही असं मानायचं, अशी पद्धत रूढ झाली. 50 ग्रॅम म्हणजे साधारण लिटरभर दुधातलं लॅक्टोज. अनशापोटी, एका दमात, बरोबर भाकरीचा तुकडाही नाही! असं कोण पितं? इतकी मात्रा दिल्यावर अनेकांचं पोट बिघडणारच होतं. ‘होय की नाही’ असा निकाल देणाऱ्या या मात्रेनं ‘किती’ हा प्रश्नच मागे टाकला, आणि माझ्या मते या विषयाचं सर्वांत मोठं नुकसान तिथंच झालं.

वाद लगेच पेटला, कारण त्याच काळात गरीब देशांतल्या मुलांना दूध भुकटी वाटली जात होती. आपल्याकडे 1970 मध्ये दूध महापूर योजना सुरू झाली, तीही युरोपातून दान आलेल्या भुकटी-लोण्यावर. ज्यांना दूध पचत नाही त्यांच्यावर ते का लादता, असा सवाल काही शास्त्रज्ञांनी केला. तो प्रामाणिक होता. संयुक्त राष्ट्रांच्या एका सल्लागार गटानं 1972 मध्ये उलट कौल दिला : एवढ्या कारणावरून दुधाचे कार्यक्रम थांबवू नयेत. मात्रेचा मुद्दा लक्षात घेतला तर तो कौल पटतो.

पुढच्या अभ्यासांनी तेच दाखवलं. 1995 मध्ये, दूध अजिबात सोसत नाही असं सांगणाऱ्या 30 जणांना रोज एक पेला दूध दिलं, कधी साधं तर कधी लॅक्टोज आधीच फोडलेलं. कुठलं कधी ते त्यांना कळू न देता. त्रासात जाणवण्याजोगा फरक पडला नाही. 2010 मध्ये अमेरिकेतल्या एका तज्ज्ञ समितीनं बहुतेकांना एका वेळी 12 ग्रॅम, म्हणजे पेलाभर दुधातलं लॅक्टोज चालतं, असं नोंदवलं. लॅक्टोज प्यायल्यावर श्वासातला हायड्रोजन मोजणाऱ्या आजच्या श्वासचाचणीतही निम्म्याच, म्हणजे 25 ग्रॅम मात्रेची शिफारस केली जाते.

रोजच्या ताटात याचा अर्थ सरळ आहे. कपभर चहातल्या दुधात लॅक्टोज जेमतेम दोन-तीन ग्रॅम. कोमट दुधाला चमचाभर विरजण लावलं की जिवाणू रात्रभरात लॅक्टोजचा काही भाग खाऊन आंबट करतात. उरलेलं पचवायलाही त्यांचंच लॅक्टेज आतड्यात कामी येतं. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा कडक भाकरी, शेंगाचटणी आणि पाणी घालून घुसळलेलं ताक, हे जेवण अशा माणसानं सोडायचं कारणच नाही. तुपात लॅक्टोज जवळपास नसतंच. जपायचं ते खव्याला : पाच लिटर दुधाचा साधारण किलोभर खवा होतो, पाणी उडतं, लॅक्टोज मात्र तितकंच राहतं. गड्ड्याच्या जत्रेत एक पेढा चालेल, पावशेर नाही. दूध कमी केलंच तर कॅल्शियमसाठी तीळ आणि नाचणी हाताशी आहेत.

दोन गोष्टी मात्र या हिशेबात बसत नाहीत. दुधाची अ‍ॅलर्जी हा प्रथिनाशी संबंधित वेगळा आजार आहे, तिथं थोडंसुद्धा चालत नाही. आणि जोराच्या जुलाबानंतर लहान मुलांना दूध पचेनासं होतं ते बहुधा तात्पुरतं असतं. आतड्याचं अस्तर भरून आलं की काही आठवड्यांत पुन्हा सोसू लागतं.