स्कॉटिश आणि इंग्रज वंशशोध

स्कॉटलंड व इंग्लंड येथील घराण्यांचे पूर्वज जुन्या नोंदी आणि डीएनए चाचणी यांच्या आधारे शोधण्याची पद्धत. हे दोन देश १७०७ पासून एका राज्यात असले, तरी त्यांचे कायदे, चर्च आणि दप्तरे वेगळीच राहिली. त्यामुळे पूर्वज सीमेच्या कोणत्या बाजूचा, हे आधी ठरवावे लागते. शोध हयात माणसांपासून सुरू करायचा आणि एकेक पिढी मागे जायचे, हा पहिला नियम. एखाद्या नामांकित सरदारापासून खाली उतरत आपल्यापर्यंत पोहोचण्याचा मोह अनेकांना होतो. खोट्या वंशावळी बहुधा अशाच तयार होतात.

इंग्लंडमधला सर्वांत जुना सलग आधार म्हणजे पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतील परिसराच्या, नोंदवह्या. आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवावी असा हुकूम काढला. सुरुवातीच्या कागदी वह्या पुष्कळ ठिकाणी नष्ट झाल्या. १५९८ पासून चर्मपत्रावर नोंद करणे आणि दरवर्षी एक नक्कल बिशपकडे पाठवणे बंधनकारक झाले. मूळ वही हरवली असेल तर ही नक्कल कामी येते, आणि दोन्ही हाती असतील तर त्या ताडून पाहणे शहाणपणाचे. सतराव्या शतकाच्या मध्यावरील यादवी युद्धाच्या काळात मात्र अनेक पॅरिशांत वह्या अर्धवटच राहिल्या. जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी इंग्लंड व वेल्समध्ये १ जुलै १८३७ रोजी सुरू झाली.

नवख्याला हमखास चकवणारी गोष्ट म्हणजे कालगणना. १७५२ पर्यंत इंग्लंडचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून वहीत फेब्रुवारी १७२० असे लिहिलेला बाप्तिस्मा आजच्या हिशेबाने फेब्रुवारी १७२१ मधला ठरतो. स्कॉटलंडने मात्र १६०० सालीच १ जानेवारीला वर्षारंभ मानला होता.

स्कॉटलंडमध्ये सरकारी नोंदणी उशिरा, १ जानेवारी १८५५ रोजी आली. पण आली ती भरघोस. तिथल्या मृत्यूच्या नोंदीत मृताच्या आई-वडिलांची नावे असतात आणि आईचे माहेरचे आडनावही असते. विवाहाच्या नोंदीत वधू-वर दोघांच्याही आई-वडिलांची नावे मिळतात. पहिल्या वर्षी तर भावंडे, आई-वडिलांचे वय व जन्मगाव असा तपशील मागवला गेला. निबंधकांना तो झेपेना, म्हणून पुढच्याच वर्षी कमी करण्यात आला. ज्याच्या घरातले कोणी १८५५ मध्ये जन्मले वा वारले, त्याला घबाडच सापडले म्हणायचे. इंग्लंडमध्ये याउलट प्रौढ माणसाच्या मृत्यूच्या दाखल्यावर आई-वडिलांचा पत्ताच नसतो, आणि विवाहाच्या नोंदीत आईचे नाव लिहायला ४ मे २०२१ उजाडावा लागला. तोवर फक्त वडिलांचे नाव व व्यवसाय लिहीत. स्कॉटिश स्त्री लग्नानंतरही कायद्याच्या कागदांत आणि कित्येकदा थडग्यावरही माहेरच्या नावाने ओळखली जाई. इंग्रज स्त्रीचे माहेर मात्र तिच्या लग्नाची नोंद सापडेपर्यंत अंधारात राहते. या दोन देशांच्या वंशशोधात इतका मोठा फरक दुसरा नाही.

१८५५ च्या मागे गेले की स्कॉटलंडचा हा फायदा ओसरतो. तिथली सर्वांत जुनी पॅरिश-वही पर्थशायरमधील एरल गावची, १५५३ ची. पण कित्येक पॅरिशांच्या वह्या अठराव्या शतकात सुरू होतात, आणि हायलँड्स या उत्तरेकडील डोंगराळ भागातल्या त्याहूनही उशिरा. दफनाच्या नोंदी तुरळक आहेत. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर होता, त्यामुळे गरिबांनी नोंद टाळली. १७३३ पासून मूळ चर्चमधून फुटून निघालेल्या पंथांची मुलेही या वह्यांत सहसा सापडत नाहीत. अशा वेळी चर्च-पंचायतीची, म्हणजे कर्क सेशनची, इतिवृत्ते पाहावीत. विवाहाबाहेर जन्मलेल्या मुलाच्या बापाचे नाव वदवून घेण्याचा या पंचायतीचा खटाटोप कठोर होता. मुलींना भर चर्चमध्ये उभे करून जाब विचारला जाई. ते वाचताना मन विषण्ण होते. तरीही पूर्वजाच्या बापाचे नाव पुष्कळदा फक्त याच पानांवर उरलेले असते.

जनगणना १८०१ पासून दर दहा वर्षांनी होत असली, तरी सर्वांची नावे १८४१ पासूनच मिळतात. त्या वर्षी पंधरा वर्षांवरील माणसांची वये पाचाच्या पटीत खाली आणून लिहीत. ३९ वर्षांचा माणूस ३५ चा दिसतो. १८५१ पासून नाते व जन्माचे पॅरिश आले. मात्र इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या स्कॉटिश माणसापुढे अनेकदा नुसते ‘स्कॉटलंड’ एवढेच लिहिलेले असते, आणि कितीतरी शोध तिथेच अडतात. इंग्लंड व वेल्सची १९३१ ची जनगणना १९४२ मधील आगीत जळाली आणि १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. म्हणून सप्टेंबर १९३९ मध्ये केलेली राष्ट्रीय नोंदणी फार मोलाची.

आडनावांवर भिस्त ठेवणे धोक्याचे. हायलँड्समध्ये कुळप्रमुखाचे आडनाव त्याच्या आश्रयाला आलेलेही लावत. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवर बापाच्या नावावरून दर पिढीला नवे आडनाव पडण्याची रीत एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली. मॅकग्रेगर हे आडनाव लावण्यावर १६०३ मध्ये बंदी आली आणि मधला काही काळ वगळता ती १७७४ मध्येच कायमची उठली. त्या कुळातल्यांनी ड्रमंड, मरे, ग्रँट, कॅम्बेल अशी नावे घेतली. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याचा स्कॉटिश प्रघात मराठी माणसाला ओळखीचा वाटेल : थोरला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या, थोरली मुलगी आईच्या आईच्या नावाची. हा प्रघात दुवा सुचवतो, सिद्ध करत नाही.

डीएनए चाचणी तीन प्रकारची असते. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते, म्हणजे साधारण आडनावाच्याच वाटेने. दुर्मीळ इंग्रज आडनावांच्या पुरुषांत ते बरेचदा एकाच मूळपुरुषाकडे बोट दाखवते. स्मिथसारख्या नावांत तसे काही निघत नाही. तंतुकणिकेतील, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातील, डीएनए आईकडून सर्व मुलांना मिळतो, पण पुढे फक्त मुलींकडून जातो. तिसरी चाचणी उरलेल्या गुणसूत्रांची. आप्त शोधायला हीच सर्वांत उपयोगी. ज्यांचे आजी-आजोबा समान आहेत अशा चुलत, मावस वा आते-मामे भावंडांत सरासरी साडेबारा टक्के डीएनए सामाईक असतो, पणजोबा-पणजी समान असतील तर सुमारे तीन टक्के. त्यापुढे हिस्सा झपाट्याने घटतो, आणि खरे दूरचे नातेवाईकही चाचणीत निरंक येऊ शकतात.

अहवालातील ‘इतके टक्के स्कॉटिश, इतके टक्के इंग्रज’ ही आकडेवारी मात्र पुरावा म्हणून वापरू नये. शेजारच्या लोकसमूहांत फरक अत्यंत सूक्ष्म असतो आणि कंपनीचा संदर्भसंच, म्हणजे तुलनेसाठी घेतलेले नमुने, बदलला की टक्केही बदलतात. ब्रिटनमधील २,०३९ ग्रामीण लोकांच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कॉर्नवॉल आणि डेव्हन या शेजारी परगण्यांचेही वेगळे गट पडले, ऑर्कनी बेटे सर्वांत निराळी ठरली, पण सर्वांचा मिळून एक ‘केल्टिक’ गट काही सापडला नाही.

कागद आणि रक्त यांची गाठ कशी घालावी, याचा धडा तिसऱ्या रिचर्डच्या अस्थींनी दिला. १४८५ मध्ये बॉसवर्थच्या लढाईत पडलेल्या या राजाचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टरमधील एका वाहनतळाखाली मिळाला. त्याच्या बहिणीच्या मुलींच्या वंशातील हयात व्यक्तींशी तंतुकणिकेचा डीएनए जुळला. वाय गुणसूत्र मात्र वंशावळीनुसार पुरुषांच्या ओळीतील हयात नातेवाइकांशी जुळायला हवे होते, ते जुळले नाही. मधल्या पिढ्यांत कुठेतरी कागदावरचा बाप खरा नव्हता. तो दुवा नेमका कुठे तुटला, हे एवढ्या चाचणीवरून सांगता येत नाही.

भारतात आलेल्या स्कॉटिश व इंग्रज माणसांचे धागे आपल्या मुलखापर्यंत पोहोचतात. मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. अॅबर्डीनशायरचा थिओडोर फोर्ब्स सुरतेत ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता, नंतर मुंबईत व्यापारात गेला. सुरतेच्या एलायझा केवार्कपासून त्याला झालेली कॅथरीन ही मुलगी लहानपणीच स्कॉटलंडला पाठवली गेली. घराण्यात एलायझा आर्मेनियन असल्याचे सांगत. कॅथरीनपासून मुलीकडून मुलीकडे उतरत ही ओळ राजकन्या डायनापर्यंत येते. २०१३ मध्ये याच मातृवंशातील नातेवाइकांच्या चाचणीत तंतुकणिकेची आर३०बी ही शाखा निघाली, जी जवळजवळ फक्त दक्षिण आशियात आढळते. आडनाव आर्मेनियन, पण आईची आई, तिची आई अशी मागे जाणारी वाट भारतीय. राजपुत्र विल्यम व हॅरी यांना ती आईकडून मिळाली. त्यांच्या मुलांना ती त्यांच्याकडून मिळत नाही.