मोनेच्या चित्रात गवत नाही

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेची ती प्रसिद्ध चित्रमालिका 'गवताच्या गंज्या' म्हणून सर्रास फिरते. चूक 'हेस्टॅक्स' या रूढ इंग्रजी नावातून आली. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ नुसती रास. गवताचा उल्लेखच नाही.

त्या राशी आहेत मळणी न झालेल्या गव्हाच्या. आपल्याकडे सोयाबीनची सुडी रचतात ना, तसा प्रकार, फक्त पंधरा-वीस फूट उंच! कणसांसकट पेंढ्या रचायच्या आणि वर पेंढ्याचं निमुळतं छप्पर घालायचं, म्हणजे पाणी आत मुरत नाही. मळणीयंत्रं मोजकी, ती गावोगाव फिरत. आपली पाळी येईपर्यंत महिनोन्महिने थांबावं लागे. म्हणून तर १८९०-९१ च्या हिवाळ्यात, बर्फातसुद्धा, त्या राशी मोनेला फ्रान्समधल्या जिव्हर्नी गावातल्या आपल्या घराजवळच्या शेतात उभ्या सापडल्या. गवत समजलं तर चित्रात चारा दिसतो. गहू समजला की गावाची वर्षभराची कमाई दिसते. मला हा फरक किरकोळ वाटत नाही.

जाता जाता आणखी एक: ही सगळी चित्रं शेतातच पूर्ण झाली, हेही खरं नाही. सुरुवात उघड्यावर व्हायची, शेवटचा हात मात्र मोने स्टुडिओत बसून फिरवायचा.