जॉयस्टिक सुटणे आणि अक्षाची दुहेरी नेमणूक : सिम्युलेटरवरचे दोन सारखे दिसणारे बिघाड

मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात थ्रॉटल (इंजिनाचा जोर ठरवणारी दांडी) हातात स्थिर धरलेला असूनही इंजिनाचा आवाज एकदम खाली येतो, क्षणभराने पुन्हा चढतो, आणि तेवढ्यात विमान ग्लाइड स्लोपच्या, म्हणजे उतरण्याच्या ठरलेल्या मार्गाच्या, खाली गेलेले असते. घरच्या संगणकावर फ्लाइट सिम्युलेटर चालवणाऱ्या अनेकांच्या वाट्याला हा प्रकार येतो आणि ‘हार्डवेअरचा काहीतरी कॉन्फ्लिक्ट आहे’ एवढ्यावर निदान थांबते. प्रत्यक्षात या एका लक्षणामागे दोन अगदी वेगळे बिघाड असू शकतात. पहिल्यात उपकरण यूएसबीवरून खरोखरच सुटते, म्हणजे काही क्षण संगणकाच्या लेखी ते जोडलेलेच नसते. दुसऱ्यात सगळी उपकरणे व्यवस्थित जोडलेली असतात, परंतु विमानाच्या एकाच नियंत्रणावर त्यांपैकी दोघांची नेमणूक झालेली असते. पहिल्याचा उपाय केबल, हब आणि वीजपुरवठा यांत आहे, दुसऱ्याचा सिम्युलेटरच्या सेटिंगमध्ये. एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर पैसे तरी वाया जातात, नाहीतर चांगल्या लागलेल्या सेटिंगचा विचका तरी होतो.

खऱ्या अर्थाने हार्डवेअरची टक्कर होत असे ती १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत. जॉयस्टिक तेव्हा १५ पिनांच्या गेम पोर्टला जोडली जाई आणि त्या पोर्टचा पत्ता सहसा २०१ हेक्स हाच असे. साउंड कार्डावर एक गेम पोर्ट आणि इनपुट-आउटपुट कार्डावर दुसरा असला, की दोन्ही एकाच पत्त्यावर उत्तर देत. मग कार्डावरचा जंपर (पिना जोडणारा छोटा तुकडा) बदलून एक बंद करावा लागे. इंटरप्टच्या, म्हणजे प्रोसेसरचे लक्ष वेधणाऱ्या संकेतांच्या, १६ ओळींवरूनही अशीच ओढाताण चाले. विंडोज ९५ मधील प्लग अँड प्ले आणि त्यामागोमाग आलेली यूएसबी यांमुळे ही वाटणी संगणक स्वतः करू लागला. ‘इंटरप्ट बदलून पाहा’ हा सल्ला मात्र अजूनही दिला जातो. आजच्या यूएसबी जॉयस्टिकसाठी त्याचा काडीचा उपयोग नाही.

उपकरण सुटण्यामागे बहुतेक वेळा विजेचा प्रश्न असतो. यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५ व्होल्टवर ५०० मिलिॲम्पिअर आणि यूएसबी ३.० च्या पोर्टमधून ९०० मिलिॲम्पिअर प्रवाह मिळावा, असे मानक सांगते. स्वतःचा ॲडॉप्टर नसलेला यूएसबी २.० चा चार पोर्टांचा हब वापरला, तर मानकानुसार त्याच्या प्रत्येक पोर्टच्या वाट्याला केवळ १०० मिलिॲम्पिअर येतात. साध्या जॉयस्टिकला तेवढे पुरू शकतात. पण योक (विमानाचे हातचाक), रडर पेडल (विमानाचे नाक डावीउजवीकडे वळवणारे पायाचे पेडल), थ्रॉटल क्वाड्रंट (थ्रॉटलच्या दांड्यांचा संच) आणि दिव्यांनी उजळणारे स्विच पॅनेल हे सारे अशाच हबवर लावले, की दिवे लागण्याच्या क्षणी व्होल्टेज खाली जाते आणि एखादे उपकरण गळते. टेबलाखालून फिरवलेली लांब, पातळ एक्स्टेंशन केबल या अडचणीत भरच घालते. दुसरे कारण वीजबचतीचे आहे : वापरात नसलेले उपकरण झोपवण्याची परवानगी विंडोजला असते, आणि काही उपकरणे त्या झोपेतून नीट उठत नाहीत. दोन तास ऑटोपायलटवर काढून खाली उतरायला सुरुवात केल्यावर नेमके पेडल मेलेले आढळले, तर संशय आधी याच सोयीवर घ्यावा. ती बंद करण्याच्या जागा दोन आहेत. एक पॉवर ऑप्शन्समध्ये, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड या नावाने. दुसरी डिव्हाइस मॅनेजरमध्ये, प्रत्येक रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंट या पानावर.

तिसरे कारण कमी लोकांना ठाऊक असते. एका यूएसबी कंट्रोलरवर (संगणकातले यूएसबी पोर्ट सांभाळणाऱ्या चिपवर) पत्त्यांच्या हिशेबाने १२७ उपकरणे बसू शकतात, परंतु प्रत्येक उपकरण एकाहून अधिक एंडपॉइंट (माहितीच्या ये-जा करण्याच्या वाटा) व्यापते आणि कंट्रोलरची एंडपॉइंट सांभाळण्याची क्षमता त्याच्या कितीतरी आधी संपते. व्हीआर हेडसेट, वेबकॅम, हेडफोन आणि सात-आठ नियंत्रक असलेल्या संगणकावर नवे पॅनेल जोडताच ‘यूएसबी कंट्रोलरची संसाधने पुरेशी नाहीत’ अशा अर्थाचा संदेश येतो तो यामुळे. इथे आणखी एक हब घेऊन काहीच साधत नाही, कारण तो त्याच कंट्रोलरच्या गळ्यात पडतो. वेगळा कंट्रोलर असलेले पीसीआय एक्सप्रेस कार्ड हाच सरळ मार्ग आहे. वेगाची चिंता मात्र सहसा अनाठायी असते. जॉयस्टिक अगदी दर मिलिसेकंदाला अहवाल पाठवत असली, तरी तो अहवाल काही मोजक्या बाइटांचा असतो.

कधीकधी दोष मदरबोर्डाकडेही असतो. २०२१च्या सुरुवातीला आपल्या ५०० मालिकेच्या चिपसेटवर यूएसबी मधूनमधून तुटत असल्याचे एएमडी या प्रोसेसर कंपनीने मान्य केले आणि नंतर अजेसा १.२.०.२ या बायोस (संगणक सुरू करणारी मदरबोर्डावरची प्रणाली) सुधारणेतून त्यावर उपाय दिला. त्या पिढीचा बोर्ड असेल आणि बायोस मूळचाच असेल, तर केबल बदलत बसण्याआधी बायोसची आवृत्ती पाहावी. आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना किंवा पंखा बंद करताना उपकरण सुटत असेल, तर संगणकाच्या सॉकेटचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. जुन्या इमारतींतून ते नावापुरतेच असलेले आढळते.

दुहेरी नेमणुकीचा मामला यापेक्षा गुंतागुंतीचा आहे, आणि माझ्या मते ‘हार्डवेअर बिघडले’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत मोठा वाटा याच प्रकाराचा असतो. रडरचे उदाहरण घेऊ. पिळता येणाऱ्या जॉयस्टिकला रडरचा अक्ष, म्हणजे त्या एका हालचालीचे मूल्य पाठवणारी वाट, असतोच. पुढे पेडल घेतले, की त्यांनाही सिम्युलेटर रडरच नेमून देतो. आता रडरला दोन मालक झाले. दोन्ही उपकरणे आपापले मूल्य पाठवतात आणि साधारणपणे शेवटी ज्याचे मूल्य बदलले त्याचे ऐकले जाते. जॉयस्टिकला कोणी हात लावलेला नसताना तिचे मूल्य बदलावे का, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असे, की पोटेन्शिओमीटरवर (घासणाऱ्या संपर्काने स्थिती मोजणाऱ्या भागावर) चालणारा अक्ष पूर्णपणे स्थिर कधीच नसतो. १० बिटांच्या अक्षावर ० ते १०२३ असे आकडे येतात आणि स्थिर असलेली दांडी ५११ आणि ५१२ यांच्यात हेलकावे खाऊ शकते. हा एका आकड्याचा हेलकावा सिम्युलेटरच्या दृष्टीने नवा हुकूम असतो : ‘रडर मध्यावर आणा’. इकडे वैमानिकाचा पाय उजव्या पेडलवर दाबलेला असतो. परिणामी रडर उजवीकडे जातो, मध्यावर येतो, पुन्हा उजवीकडे जातो, आणि धावपट्टीवरचे विमान दारू प्याल्यासारखे चालू लागते.

जॉयस्टिकच्या बैठकीवरची छोटी थ्रॉटल पट्टी आणि स्वतंत्र क्वाड्रंट यांच्यातही हेच घडते. तिथे अडचण वाढते ती नावांमुळे. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरच्या २०२०च्या आवृत्तीत सर्व इंजिनांचा एकत्र थ्रॉटल हा एक अक्ष आहे आणि पहिल्या इंजिनाचा थ्रॉटल हा दुसरा. एका उपकरणावर पहिला आणि दुसऱ्यावर दुसरा नेमलेला असेल, तर यादीत कुठलेच नाव दोनदा दिसत नाही, तरीही दोन्ही हुकूम एकाच इंजिनाला मिळतात. म्हणून केवळ नावाने शोध घेऊन ‘दुहेरी काही नाही’ असा निर्वाळा देऊ नये. एकेक उपकरण निवडून, फक्त नेमलेल्या गोष्टी दाखवणारी गाळणी लावून, संपूर्ण यादी डोळ्यांखालून घालावी. २०२४च्या आवृत्तीत नेमणुका अनेक थरांत विभागलेल्या असल्याने हा शोध प्रत्येक थरात घ्यावा लागतो. कपाटात केबलसकट ठेवलेला, पण संगणकाला अजून जोडलेलाच असलेला गेमपॅड हा तर सर्वांत दुर्लक्षित गुन्हेगार आहे.

सिम्युलेटरच्या बाहेरचा मालकही असू शकतो. एफएसयूआयपीसी या जोड-प्रोग्रॅममधून अक्ष नेमले असतील, तर तेच अक्ष सिम्युलेटरमधून काढून टाकणे आवश्यक असते. व्हीजॉयसारखे आभासी उपकरण वापरणाऱ्यांच्या बाबतीत खरी जॉयस्टिक आणि आभासी जॉयस्टिक अशा दोन्ही सिम्युलेटरला दिसतात, आणि एकाच हाताची हालचाल दोन वाटांनी पोहोचते. हिडहाइड हे साधन वापरून खरी जॉयस्टिक सिम्युलेटरपासून लपवली जाते ती यासाठीच.

या दोन बिघाडांतला फरक ओळखण्याची पहिली खूण अशी : उपकरण सुटले, की त्याचे सारे काही एकदम मरते. अक्ष, बटणे, हॅट स्विच यांपैकी काहीही प्रतिसाद देत नाही, आणि विमानाचे ते नियंत्रण बहुतेक वेळा शेवटच्या मूल्यावर गोठते. दुहेरी नेमणुकीत एकच नियंत्रण पछाडलेले असते; त्याच जॉयस्टिकचे ट्रिगर, ट्रिम, इतर अक्ष बिनतक्रार चालतात, आणि मूल्य गोठत नाही तर दोन ठिकाणांमध्ये उड्या मारते. दुसरी खूण आवाजाची. उपकरण सुटताना आणि परत जोडले जाताना विंडोज दोन वेगवेगळे सूर वाजवते. इंजिनाच्या घरघरीत ते ऐकू येत नाहीत, म्हणून सिम्युलेटरचा आवाज बंद ठेवून एकदा उड्डाण करून पाहावे. सुरांवर भरवसा नसेल, तर यूएसबीडेव्ह्यू हे छोटे मोफत साधन प्रत्येक उपकरण शेवटचे कधी जोडले गेले याची वेळ दाखवते. उड्डाणाच्या मधलीच वेळ तिथे दिसली, तर पुढचा वाद मिटला.

तिसरी आणि निर्णायक परीक्षा सिम्युलेटर बंद करून घ्यायची असते. रन खिडकीत जॉय डॉट सीपीएल (joy.cpl) हा आदेश इंग्रजी अक्षरांत दिला, की विंडोजची गेम कंट्रोलर्सची खिडकी उघडते. तिथे उपकरण निवडून त्याचे गुणधर्म उघडल्यावर चौकटीत एक छोटे अधिकचिन्ह आणि उरलेल्या अक्षांच्या पट्ट्या दिसतात. दांडी सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यावी, केबल प्लगपाशी हलकेच हलवावी, पॅनेलचे दिवे लावून पाहावे आणि अधिकचिन्हावर नजर ठेवावी. ते थिजले, किंवा उपकरणाचे नाव यादीतून गेले, तर दोष यूएसबीच्या बाजूला आहे. इथे सगळे लोण्यासारखे चालत असेल आणि सिम्युलेटरमध्ये मात्र उड्या पडत असतील, तर हार्डवेअरला दोष देणे थांबवून नेमणुका तपासाव्यात.

एवढे स्पष्ट असूनही माणसे फसतात, याचे कारण पहिला बिघाड दुसऱ्याला जन्म देतो. उपकरणाला स्वतःचा अनुक्रमांक नसेल, तर विंडोज त्याची ओळख ते कुठल्या पोर्टवर लावले आहे यावरून ठरवते. जॉयस्टिक सुटते म्हणून वैतागून ती दुसऱ्या पोर्टवर लावली, की विंडोजच्या दृष्टीने ते नवे उपकरण ठरू शकते. सिम्युलेटर मग आपली तयार प्रोफाइल, म्हणजे नेमणुकांचा संच, त्याला बहाल करतो, आणि आपण महिन्यांपूर्वी काढून टाकलेली रडरची नेमणूक गुपचूप परत येते. आता सुटण्याचा मूळ दोष मिटला असला, तरी विमान वेडेवाकडेच चालते, आणि ‘पोर्ट बदलूनही फरक पडला नाही’ असा उलटा निष्कर्ष निघतो. पुष्कळजण या टप्प्यावर सिम्युलेटर काढून पुन्हा बसवतात. डझनावारी गिगाबाइट पुन्हा उतरवून घेतल्यावर सगळ्या उपकरणांना तयार प्रोफाइली मिळू शकतात, म्हणजे दुहेरी नेमणुका कमी होण्याऐवजी वाढण्याचीच शक्यता. हा उपाय या दोन्ही बिघाडांपैकी एकावरचाही नाही.

म्हणून दुरुस्तीचा क्रम आधी यूएसबी आणि मग नेमणुका असाच ठेवावा. सर्व नियंत्रक काढून एकच उपकरण थेट मदरबोर्डाच्या मागच्या पोर्टला लावावे आणि वरची परीक्षा घ्यावी. मग दुसरे, मग तिसरे. हब लागणारच असेल तर स्वतःचा ॲडॉप्टर असलेला घ्यावा. सगळी उपकरणे टिकून राहतात अशी खात्री पटल्यावर पोर्ट कायमचे ठरवून केबल आणि पोर्ट यांच्यावर सारख्याच क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावाव्यात. त्यानंतरच सिम्युलेटर उघडून, ज्या उपकरणाचा जो अक्ष नको तो रिकामा करून, प्रोफाइल स्वतःच्या नावाने जतन करावी. संवेदनक्षमता आणि डेड झोन (ज्यातली हालचाल दुर्लक्षिली जाते तो पट्टा) यांना दुहेरी नेमणूक सुटेपर्यंत हात लावू नये. मोठा डेड झोन उड्या झाकतो, त्यामुळे खरे कारण सापडणे आणखी लांबते.

दोन्ही बाजू साफ निघाल्यावरही काही तक्रारी उरतात. गेम कंट्रोलर्सच्या खिडकीत उपकरण यादीत कायम असूनही पट्टी एका विशिष्ट जागीच थरथरत असेल, तर तिथला पोटेन्शिओमीटर झिजलेला किंवा धुळीने माखलेला आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर काही काळ काम भागवतो, नाहीतर तो भाग बदलावा लागतो. चुंबकाच्या साह्याने स्थिती ओळखणाऱ्या हॉल सेन्सरवर चालणाऱ्या जॉयस्टिकमध्ये घासणारा संपर्कच नसल्याने ही झीज होत नाही. आणि इंजिन पूर्ण जोरात असूनही विमान जागचे हलत नसेल, तर पेडलच्या ब्रेकचा अक्ष उलटा लागला आहे का ते पाहावे : काही पेडल मोकळे असताना सिम्युलेटरला पूर्ण दाबलेले दिसतात, आणि अक्ष उलटा करण्याच्या एका खुणेने विमान मोकळे होते.